बाटली उघडायला दहा माणसं

‘गाय भीत नाही, मालक भितो.’

हे वाक्य माझं. वीस-बावीस वर्षं मी ते राहात्याच्या आजूबाजूच्या गावांत दारोदार फेकत आलोय. दूध संघाच्या वतीनं जनावरांना लस टोचायची, हे माझं काम. खांद्याला बर्फाची पेटी, खिशात सुया, पायांत कायम शेणानं माखलेले बूट. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण त्यांची ही चूक मी आजवर एकदाही दुरुस्त केलेली नाही. चहाबरोबर खारी मिळते, ती डॉक्टरलाच मिळते.

लाळ-खुरकूतची लस आली की आमच्याकडे एक चमत्कार होतो. काल गोठ्यात उभ्या असलेल्या गायी आज दिसत नाहीत. एखादी उसात गेलेली असते, एखादी पेरूच्या बागेत, एखादी तर म्हणे सुनेच्या माहेरी. कारण ठरलेलं: टोचलं की दोन दिवस दूध कमी होतं. मी दारात उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडतो, "अहो पाटील, गाय भीत नाही, मालक भितो! बाटली उघडलीय मी, तुमच्यासाठी वाया घालवू का?"

हे बाटलीचं नीट सांगायला हवं, कारण पुढं तेच माझ्या गळ्यात अडकलं. लशीची एक बाटली एका जनावराची नसते, अनेकांची मिळून असते. एकदा बुचातून सुई आत गेली की ती त्याच दिवशी संपवायची, उरली तर फेकून द्यायची. म्हणून मी आधी गायी जमवतो, मग बाटली उघडतो. कबूल करून ऐनवेळी गाय लपवणाऱ्या माणसाला मी जे बोलतो, ते इथं लिहिता येणार नाही.

माझ्या फेरीत एकच घर असं होतं, जिथं ओरडावं लागायचं नाही. ते माझ्या आक्काचं. आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सुप्याला कंपनीत, तिथंच बायकोपोरांसह राहतो. तो दर दिवाळीला म्हणायचा, "आई, गाया इक आन् चल." आक्का दर दिवाळीला म्हणायची, "म्या तिथं येऊन काय करू? भिंतीचं दूध काढू?" तीन गायी, दावणीजवळची बाज, आणि सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर स्वतः नेलेली कॅन. कुणाच्या हातापुढं हात न पसरता ती या तीन गायींवर उभी होती.

तर मी येणार म्हटलं की आक्का तिन्ही गायी सोडून थेट रस्त्यावर आणून बांधायची. मुद्दाम. सगळ्यांना दिसावं म्हणून. "बघा, माज्या भावानं टोचलंय. मेली का कोन?" दुसऱ्या दिवशी केंद्रावर तिचं दूध एक थेंबही कमी नसायचं. मला त्याचं फार कौतुक होतं. पुढं कळलं, त्या दोन दिवसांत ती वासरांना कमी पाजायची आणि कॅन भरून दाखवायची. भावाची अब्रू वासरांच्या पोटातून राखली जात होती.

आता मुख्य गोष्ट. मला सुईचं भय वाटतं.

हसा. मीही हसतो. आजवर हजारो गायींना टोचलेला मी, स्वतःच्या दंडाला कुणी कापूस लावला तरी डोळे मिटतो. लहानपणी शाळेत टोचायला माणसं आली, तेव्हा मी मागच्या खिडकीतून उडी मारून घरी पळालो आणि कडब्याच्या गंजीत शिरलो. माणसं शोधत घरापर्यंत आली. आक्का दारात उभी राहिली आणि म्हणाली, "त्यो मामाच्या गावाला गेलाय." मामाचं गाव म्हणजे कोपरगावच्या पलीकडं, एका दिवसात जाऊन येण्यासारखं नव्हतं. माणसं निघून गेली. जाता जाता आक्कालाच टोचून गेली. ती दंड चोळत गंजीपाशी आली आणि म्हणाली, "भाईर ये, मामाच्या गावावरनं."

करोनाच्या त्या दिवसांत आमच्या गावाचा बैठकीचा पार म्हणजे दूध संकलन केंद्र. बाकी सगळं बंद, पण गायींना बंद ठाऊक नसतो. सकाळी तोंडाला उपरणी बांधलेली माणसं कॅन घेऊन लांब लांब उभी राहायची आणि मध्ये मी, हातात मोबाईल. लस येणार अशी बातमी आली तसा माझा भाव वाढला. मी डॉक्टर, शिवाय माझ्या मोबाईलला तिथं रेंज. लोक प्रश्न विचारायचे, मी टाईप करायचो आणि आलेलं मोठ्यानं वाचायचो.

तेव्हा मला एक शोध लागला. मोबाईल आमच्याकडच्या पुढाऱ्यासारखा आहे. ज्याच्या ओट्यावर बसेल, त्याच्यासारखं बोलतो. एक म्हातारबाबा म्हणाले, "डाक्टर, टाक, लशीनं मानूस मरतो का?" मी टाकलं. पानंच्या पानं मरणाची आली. बाबा खूश. "बगा! म्या म्हनलं न्हवतं?" त्यांच्या मागं एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, "आता टाका, लस घेणे का आवश्यक आहे." टाकलं. पानंच्या पानं फायद्याची आली. मास्तर खूश. बाबा म्हणाले, "ह्यो मोबाईल मास्तरचा पावना हाय."

कधी कधी तर पुरतं टाईप करायचीही गरज नसायची. ‘लस घेतल्यावर’ एवढंच लिहिलं की खाली मोबाईल स्वतःच सुचवायचा: लस घेतल्यावर ताप येतो का, लस घेतल्यावर मटण चालते का, लस घेतल्यावर दारू किती दिवसांनी. म्हणजे आमच्यासारखे विचारणारे सगळीकडं होते. दारूचा प्रश्न वाचला की केंद्रावर एकदम शांतता पसरायची आणि सगळे कॅन खाली ठेवून उत्तर ऐकायचे.

मला हे सगळं कळत होतं. कसं विचारलं की काय येतं, हे गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून पुढं जे केलं त्याला मला भोळेपणाचं पांघरूण घालता येत नाही.

मार्चात म्हाताऱ्या माणसांना लस सुरू झाली. आक्काला शुगर, वय साठीच्या पुढं, म्हणजे पहिल्याच रांगेत तिचा हक्क. ती मला म्हणाली, "तुजं काय म्हननं? तू टोच म्हनला की म्या गाया टोचते. आता माजं सांग."

मी म्हणालो, "बघून सांगतो."

‘बघून सांगतो’ हे तीन आठवडे चाललं. मी बघत होतोच. पण कशासाठी बघत होतो, ते आता लिहितो. माझाही नंबर पुढच्या महिन्यात लागणार होता. आक्कानं टोचून घेतलं, की घरात बायको म्हणणार, "आक्का एवढ्या म्हाताऱ्या, त्यांनी घेतली, तुम्हाला काय झालंय?" आक्का माझ्या पुढची गाय होती. ती रस्त्यावर आली की मला उसातून बाहेर यावं लागणार होतं.

एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला मी एका गोठ्यात गायीच्या शेपटीशी होतो आणि आक्काचा फोन आला. मागं बायकांचा कालवा.

"आरं, म्या दवाखान्यात आलीय. हिकडं रांगंत."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? टोचायला. शेजारीन म्हनली चल, तर आले. आधार कार्ड दावलं. सिस्टर म्हनत्यात, धा मानसं जमल्याबिगर बाटली उघडत न्हाई. नऊ जनं सकाळधरनं बसल्यात. म्या आले तशी धा झाली. आता बोलीवत्यात. घिऊ का?"

बाटलीचं गणित मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दहावं माणूस म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं ओरडून सांगत आलो होतो.

"थांब," मी म्हणालो. "फोन चालू ठेव. बघतो."

आणि मी गोठ्याच्या खांबाला टेकून टाईप केलं. ‘शुगर असेल तर लस घ्यावी का’ असं नाही. ‘आजारी असताना लस देऊ नये का’ असं. आमच्या धंद्यात हा पहिला नियम आहे: आजारी, अशक्त जनावराला टोचायचं नाही. मी मनात म्हणालो, शुगर म्हणजे आजारच की. प्रश्न विचारतानाच मी त्याच्या तोंडात उत्तर कोंबलं होतं.

तरीही पहिलं पान आलं ते माणसांचं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की शुगर, दमा, बीपी असलेल्यांनी आधी घ्यावी, त्यांनाच धोका जास्त. मी ते वाचलं. पूर्ण वाचलं. आणि अंगठ्यानं वर सरकवलं.

खाली दुसरं पान होतं. माझा मोबाईल वर्षानुवर्षं माझ्याबरोबर गोठ्यात हिंडलेला, त्याला माझी आवड ठाऊक. त्या पानावर लिहिलं होतं, आजारी व अशक्त असल्यास लसीकरण करू नये, प्रकृती सुधारल्यावर करावे. बाजूला एका काळ्या-पांढऱ्या संकरित गायीचा फोटो होता. चांगली दुभती गाय होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनंही बघितलं असावं.

"आक्का," मी फोनवर म्हणालो, "मोबाईलमधी स्पष्ट लिहिलंय. आजारी माणसानं घेऊ नये. तुझी शुगर खाली येऊ दे, मग घेऊ. ये माघारी."

"पर ह्ये नऊ जनं..."

"येईल की कुणीतरी दहावं."

मग म्हणाली, "बरं. तू म्हनतोस तर." फोन बंद व्हायच्या आधी मागून एका बाईचा आवाज ऐकू आला, "आता गं बया, ही म्हातारी कुटं चालली?"

मी गायीला टोचलं. गोठ्याच्या मालकाला म्हणालो, "गाय भीत नाही." पुढचं वाक्य त्यानंच पूर्ण केलं आणि आम्ही दोघं हसलो.

एप्रिलमध्ये लाट आली. आक्काला आधी ताप, मग धाप. मुलगा सुप्याहून आला आणि तिला तालुक्याच्या कोविड सेंटरला भरती केलं. आत कुणाला सोडत नव्हते. मागच्या बाजूला एक खिडकी होती, तिथून लांबून दिसायचं. मी रोज जाऊन उभा राहायचो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्याला नळी, आणि आक्का मला बघून हातानं दूध काढल्याची खूण करायची. गायींचं काय, असं. मी मान हलवायचो: बघतोय.

बघत होतो म्हणजे कसं, तेही सांगायला हवं. आक्काच्या तीन गायींचं दूध मी काढायला बसलो, आणि त्या गायींना मी कोण ते पक्कं ठाऊक होतं. वर्षातून दोनदा येऊन सुई मारणारा माणूस. मी आचळाला हात लावला की त्यांचे कान मागं जायचे आणि अंग ताठ व्हायचं. पान्हा सोडेनात. एकीनं तर लाथ घालून बादली, मी आणि माझं डॉक्टरपण, तिघांनाही एकत्र लोळवलं. शेजारीण बांधावरून बघत होती. "मालक भितो म्हनं!" ती म्हणाली. तिनंच मग पदर खोचला आणि दूध काढलं. ही तीच शेजारीण, जी आक्काला दवाखान्यात घेऊन गेली होती. ती त्या नऊ जणांतली नव्हती. तिनं आधीच घेतली होती.

त्याच आठवड्यात मी स्वतः लस घ्यायला गेलो. कुणी सांगितलं म्हणून नाही. खिडकीतून बघवेना म्हणून. खुर्चीत बसलो, डोळे मिटले. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीसुद्धा?" मग सुई काढता काढता त्यांनी विचारलं, "तुमच्या बहीण ना त्या? त्या दिवशी उठून गेल्या त्या? आम्ही दीडपर्यंत थांबलो. दहावं कुणी आलंच नाही. त्या नऊ जणांना पुन्हा या म्हणून घरी पाठवलं."

मी विचारलं नाही की ते पुन्हा आले का. सिस्टर सांगतील म्हणून घाईघाईनं उठलो, तर त्या म्हणाल्या, "बसा अर्धा तास, नियम आहे." तो अर्धा तास मी भिंतीकडं बघत बसलो होतो. ते नऊ जण कोण, कुठल्या गावचे, त्या महिन्यात त्यांचं काय झालं, हे मला आजही ठाऊक नाही. शोधलं असतं तर सापडलं असतं. मी काय शोधतो आणि काय शोधत नाही, ते वर लिहिलंच आहे.

आक्का वाचली. पण परत आली ती निम्मीच. वैरणीची पेंडी उचलली की बसायची. कॅन उचलणं तर दूरच. मुलानं या वेळी दिवाळीची वाट बघितली नाही. तिन्ही गायी एका आठवड्यात गेल्या. गाय विकताना कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि लसीची नोंद बघतात, ते कागद मीच भरून दिले. लसीकरण: वेळेवर झालेले. माझीच सही. आक्का बाजेवर बसून म्हणाली, "बगा, माज्या भावानं टोचलंय, गाया निरोगी हायेत." घेणारा म्हणाला, "व्हय आजी, दिसतंयच." मी पेनचं टोपण शोधत राहिलो.

ती सहा महिने सुप्याला राहिली आणि परत आली. तिथल्या खोलीत गोठ्याचा वास येत नाही म्हणून झोप लागत नाही, म्हणाली. आता दावणीला एक शेळी आहे. गायींच्या जागी तिघींचीही दावी तशीच अडकवलेली आहेत. आणि गावात कुणी विचारलं की ती सांगते, "भावानं मोबाईलमधी बगितलं हुतं, शुगर हाय म्हनून थांब म्हनला. माज्या काळजीनंच म्हनला." दर वेळी ती हे सांगते आणि दर वेळी मला ती काळी-पांढरी गाय दिसते.

गेल्या लसीकरणाच्या वेळी मी तिच्या ओट्यावर चहा घेत होतो. बाटली उघडून झाली होती, आळीतल्या निम्म्या गायी झाल्या होत्या. लशीचं काहीतरी बघायला मी मोबाईल काढला, नुसतं ‘आजा’ लिहिलं, तर खाली त्यानं लगेच सुचवलं: ‘आजारी असताना लस देऊ नये का’. इतकी वर्षं झाली, मध्ये मोबाईलही बदलला, तरी तो विसरला नव्हता. मी कप खाली ठेवला आणि आक्काला सगळं सांगितलं. पहिलं पान, अंगठा, दुसरं पान. गायीचा फोटो.

तिनं माझा कप बाजूला सरकवला.

"म्हंजी," ती म्हणाली, "मला गाय धरली व्हय रं तू?"

मी मान खाली घातली.

"दुभती हुती का भाकड?"

"आक्का, मस्करी नको."

"मंग काय करू? रडू?" ती जरा थांबली, धाप लागली होती. "आरं येड्या, त्या दिवशी म्या फोन कशाला केला तुला? पोराला का न्हाई केला? पोरगा म्हनला असता, घे. शेजारीन शेजारी हुबी हुती, तीबी घे म्हनत हुती. मला भ्या वाटत हुतं. आन् माजा भाऊ गंजीत लपनारा हाय, त्यो माघारी ये म्हनंल, ह्ये मला ठावं हुतं. म्हनून तुला केला."

मी मोबाईल उपडा ठेवला.

"आता लोकांनी इचारलं की नाव कुनाचं घिऊ? सवताचं? तुजंच घेतलं. लई येळा घेतलं, न्हाई?" असं म्हणून ती हसायला लागली, आणि हसता हसता खोकला लागला, आणि तो लवकर थांबेना. मी पाणी दिलं. तिनं हातानं नको केलं.

हे तिनं खरं सांगितलं, की मला गंजीतून बाहेर काढायला पुन्हा एकदा मामाच्या गावाची गोष्ट सांगितली, ते मला कळलेलं नाही. ती अशा गोष्टी फार सफाईनं सांगते, हे मला सहा वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. आणि समजा खरं असलं, तरी पहिलं पान तिनं वाचलेलं नव्हतं. ते मी वाचलं होतं.

खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "जा आता. बाटली उघडून बसलाय. उन्हानं खराब हुईल."

मी पेटी उचलून शेजारच्या घरी गेलो. गोठ्यात गाय नव्हती. दावं होतं, गव्हाणीत ताजी वैरण होती, शेण अजून वाफाळत होतं. मालक दारात उभा राहून आभाळाकडं बघत होता. एरवी हे माझ्या वाक्याचं ठिकाण. तोही ऐकायच्या तयारीनंच उभा होता, जरासा हसतसुद्धा होता.

"गाय कुठाय?" मी विचारलं.

"पाव्हन्याकडं गेलीय."

"बरं. आणि भ्या कशाचं वाटतंय?"

तो गडबडला. हा प्रश्न त्यानं माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग खिशात हात घालून म्हणाला, "तसं न्हाई डाक्टर... गाभन हाय ती. पोरानं मोबाईलमधी बगितलं. लिवलंय त्यात, टोचू नका म्हनून."

"कसं विचारलं होतं त्यानं?"

"म्हंजी?"

मी पेटी सावलीत सरकवली, बूट काढले आणि त्याच्या ओट्यावर बसलो. "आण मोबाईल," मी म्हणालो. "काय टाईप केलं होतं ते बघू आधी."